उसना आवाज

माझ्या लहानपणी आमच्या शिराळा तालुक्यातल्या जत्रेचा क्रम ठरलेला असे. पहिल्या रात्री पालखी, दुसऱ्या रात्री गावच्या हौशी मंडळींचं नाटक आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड. यातल्या शेवटच्या दोन्ही ठिकाणी एक माणूस हमखास दिसायचा. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणे. रात्री ते खलनायक असत. ओठावर कोळशाच्या मिशा, खांद्यावर कुणाच्या तरी लग्नातली शाल आणि आवाज असा की पुढे बसलेल्या बायका पोरांना पदराखाली घेत. दुसऱ्या दिवशी हेच अण्णा धोतर-टोपीत फडाच्या कडेला माईक धरून उभे. कोळसा नीट पुसलेला नसायचा, त्यामुळे रात्रीचा दुष्ट माणूस अजून पुरता गेलेला नाही अशी आम्हा पोरांना शंका यायची.

पण आवाज पार वेगळा. पैलवान मातीत उतरला की अण्णा त्याचं गाव सांगत, वस्तादाचं नाव घेत, मागच्या साली कुणाशी बरोबरीत सुटला ते सांगत. खडाखडी सुरू झाली की वाक्यं तोकडी होत. पट काढला, सुटला, पुन्हा धरला, एवढंच. हलगी चढली की ते चक्क गप्प बसत. आणि कुस्ती निकाली झाली, जिंकलेल्याला पोरांनी खांद्यावर घेतलं, इनामाच्या नोटा फिरू लागल्या, की त्या गोंधळात अण्णा हरलेल्या गड्याचं नाव त्याच्या गावासकट पुकारत. तो बिचारा अंगावरची माती झटकत कपडे शोधत असे. हे दुसरं कुणी करत असल्याचं मी तेव्हा पाहिलं नव्हतं.

नट आणि खेळाचा निवेदक एकाच अंगात नांदू शकतात, यात मला त्यामुळे कधी नवल वाटलं नाही. पुढे वाचायला लागलो, कात्रणं जमवायला लागलो, तेव्हा ध्यानात आलं की ही जोडी मोठी दुर्मीळ आहे. मैदानातून पडद्याकडे जाणारा रस्ता मळलेला आहे. दारासिंग गेले, सलीम दुराणी १९७३ साली ‘चरित्र’मध्ये नायक झाले, १९८५ साली ‘कभी अजनबी थे’मध्ये संदीप पाटील आणि सय्यद किरमाणी दिसले. पाटलांनी तर ‘एकच षटकार’ हे मराठी क्रीडा नियतकालिकही संपादित केलं. पण ते आधी खेळाडू होते. खेळाडूला कॅमेऱ्यापुढे उभं करायला निर्माता तयार असतो, कारण चेहरा आधीच विकला गेलेला असतो. उलट बाजूचा रस्ता, म्हणजे नट म्हणून काम चालू ठेवून वर्षानुवर्षं खेळावर लिहिणं, बोलणं, मैदानावर वार्ताहराच्या बाकावर बसणं, तो फार थोड्यांनी धरला. असे दोघे मला सापडले आणि योगायोगाने दोघांचंही नाव टॉम. एक आपल्या मुंबईतला, क्रिकेटवर लिहिणारा. दुसरा लंडनचा, फुटबॉलवर लिहिणारा. या दोघांच्या कामाकडे मी अण्णांच्या फडावरून पाहतो आहे, हे वाचकांनी गृहीत धरावं.

टॉम ऑल्टर आपल्याला आठवतात ते गोरा साहेब म्हणून. जन्म १९५० चा, मसुरीचा. आजी-आजोबा १९१६ मध्ये अमेरिकेतून हिंदुस्थानात आलेले. उच्च शिक्षणासाठी तरुण टॉम येलला गेला आणि वर्षभरात परतला. मग हरियाणातल्या जगाध्रीच्या शाळेत मास्तरकी, मुलांना क्रिकेट शिकवणं, आणि तिथेच पाहिलेला ‘आराधना’. राजेश खन्नाच्या वेडापायी हा मुलगा १९७२ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला आणि दोन वर्षांनी अभिनयाचं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. त्यानंतर हिंदी सिनेमाने त्यांचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘क्रांती’पासून पुढे जिथे जिथे जुलमी इंग्रज लागला तिथे तिथे ऑल्टर. अधूनमधून अपवाद आले. ‘परिंदा’मधला मूसा, दूरदर्शनवरच्या ‘जुनून’मधला केशव कलसी. पण एकंदरीत त्यांच्या कातडीनेच त्यांच्या भूमिका ठरवल्या. हिंदी-उर्दू इतकी अस्खलित बोलणारा नट, आणि त्याच्याकडून मोडकी हिंदी बोलवून घ्यायची, असा हा उद्योग होता.

सत्यजित राय यांनी मात्र १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये त्यांना नेमकं ओळखलं. कॅप्टन वेस्टनचं काम आहे लहान. रेसिडेंट आउट्रम त्याला विचारतो की हा तुमचा नवाब कविता करतो म्हणे, कशा असतात त्या? वेस्टन एक कविता आधी उर्दूत म्हणतो, मग तिचा इंग्रजीत अर्थ सांगतो. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. वेस्टनला दिसतं, पण तो नोकर माणूस आहे, तेव्हा आवाज जपून वापरतो. ज्याचं राज्य जाणार आहे त्याच्या शब्दांना आपला गळा उसना देणारा माणूस, ही ती भूमिका. ऑल्टर यांच्या मैदानावरच्या कामाची किल्ली मला या प्रसंगात सापडली.

क्रिकेटवर ते नेमाने लिहीत. ‘स्पोर्ट्सवीक’, ‘संडे ऑब्झर्व्हर’, ‘आउटलुक’, ‘क्रिकेट टॉक’ अशा नियतकालिकांतून त्यांचे लेख येत राहिले. ‘डेबोनेर’मध्येही ते लिहीत, आणि क्रिकेटचे लेख वाचण्यासाठी ते मासिक घेतो असं सांगायची सोय माझ्या पिढीतल्या काहींना त्यामुळे झाली असेल. नुसते लिहीत नव्हते, खेळतही होते. सिनेमावाल्यांचा ‘मॅच कट क्लब’ नावाचा संघ होता. त्यात नसीरुद्दीन शाह, सतीश शाह, विशाल भारद्वाज होते आणि आपले नाना पाटेकरही होते. संघाच्या नावाची आद्याक्षरं एमसीसी अशी जुळवलेली, म्हणजे लॉर्ड्सच्या बड्या क्लबाला मारलेली कोपरखळी. १९९६ साली सिंगापूरहून इएसपीएन वाहिनीवर त्यांनी भारतीय प्रेक्षकांसाठी हिंदीतून समालोचन केलं. पडद्यावर ज्याला मोडकी हिंदी बोलायला लावलं जात होतं तो माणूस सिंगापुरात बसून हिंदुस्थानातल्या घराघरांत हिंदीत क्रिकेट सांगत होता. यातली गंमत ऑल्टर यांच्या ध्यानात आली नसेल असं मला वाटत नाही.

त्यांच्या या साऱ्या उद्योगातला लोकांच्या स्मरणात राहिलेला तुकडा मात्र लिहिलेला नाही, चित्रित केलेला आहे. १९८८-८९ च्या मोसमात पंधरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरची त्यांनी घेतलेली मुलाखत. सचिनची चित्रित झालेली ही पहिली मुलाखत म्हणून ती ओळखली जाते. डिसेंबर १९८८ मध्ये वानखेडेवर गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात या मुलाने शतक ठोकलं होतं आणि भारताचा संघ वेस्ट इंडीजला जाणार होता. पोराला न्यायचं की नाही यावर मुंबईत चर्चा चालली होती. मी ही मुलाखत पुष्कळदा पाहिली आहे. क्रिकेटचं काही कळावं म्हणून नव्हे, ऐकणारा माणूस कसा दिसतो ते पाहावं म्हणून.

कुरळ्या केसांचा, कोवळ्या आवाजाचा मुलगा. ऑल्टर त्याला ‘बाळ, मोठेपणी कोण होणार’ छापाचं काही विचारत नाहीत. वेस्ट इंडीजला जायला आवडेल का, तिथल्या वेगवान गोलंदाजांचं काय, असे प्रश्न. रणजी खेळलेल्या मोठ्या फलंदाजाला विचारावेत तसे. उत्तर येतं की वेगवान गोलंदाजी आवडते, चेंडू बॅटवर येतो. हे वाक्य त्या वयात हास्यास्पद वाटू शकलं असतं. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुकाचं नुसतं एक हसू उमटलं असतं तरी तो मुलगा लहान झाला असता आणि बघणाराही हसला असता. ऑल्टर तसं हसत नाहीत. सहनटाच्या वाक्याला वजन यावं म्हणून आपला चेहरा कसा ठेवायचा हे मुरलेल्या दुय्यम नटालाच ठाऊक असतं. नायकाला ते शिकायची गरजच पडत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संवादांना उत्तरं देत काढलेला माणूस इथे त्याच शिदोरीवर मुलाखत घेतो आहे. निवड समितीने त्या वेळी सचिनला नेलं नाही. तो कसोटीत उतरला नोव्हेंबर १९८९ मध्ये, कराचीत.

आता उणं काय ते सांगतो. ऑल्टर यांचं क्रीडालेखन विखुरलेलं राहिलं. ‘द लाँगेस्ट रेस’ आणि ‘रीरन ॲट रियाल्टो’ या नावांची पुस्तकं त्यांनी लिहिली, पण मुंबईच्या मैदानांवर काढलेल्या एवढ्या वर्षांतून जे एक पुस्तक यायला हवं होतं ते आलं नाही. साप्ताहिकाचा स्तंभ लिहिणाऱ्याला आठवड्याची सवय लागते. सामना संपला, लेख गेला, पुढचा सामना. त्यातून नट म्हणजे आज चित्रीकरण, उद्या नाटक. बेंजामिन गिलानी आणि नसीरुद्दीन यांच्यासह त्यांनी ‘मोटली’ ही नाट्यसंस्था उभी केली होती आणि पुढे मौलाना आझादांवरचं एकपात्री नाटक गावोगाव नेलं. माणूस तरी किती ठिकाणी पुरणार. २००८ ची पद्मश्री कलेसाठी मिळाली आणि २०१७ च्या सप्टेंबरात ते गेले तेव्हा मृत्युलेखांत क्रिकेट आलं ते शेवटच्या परिच्छेदात, छंदासारखं. मला ते खटकलं. पंचवीस-तीस वर्षं माणूस जे काम करतो त्याला छंद म्हणायचं नाही.

लंडनच्या टॉमला हे पुस्तक लिहिता आलं. त्याचा चेहरा आपल्याकडे ओळखीचा नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. टॉम वॉट हा नट १९८५ साली बीबीसीच्या ‘ईस्टएंडर्स’ या मालिकेच्या पहिल्या भागापासून होता. लंडनच्या पूर्वेकडच्या एका चौकातल्या कष्टकरी घरांची ही गोष्ट. १९८६ च्या नाताळात तिचा एक भाग तीन कोटी लोकांनी पाहिला, म्हणजे त्या देशातल्या निम्म्याहून अधिक माणसांनी. वॉटची भूमिका लॉफ्टीची. दम्यामुळे लष्करातून परत पाठवलेला, दारूच्या गुत्त्यात गल्ल्यामागे उभा राहणारा, भला, थोडा बावळट तरुण. लग्नाच्या दिवशी नवरी येतच नाही आणि हा चर्चमध्ये उभा. सगळ्या देशाला त्याची कीव आली. १९८८ मध्ये वॉट मालिकेतून बाहेर पडला, पण रस्त्यावर लोक त्याला लॉफ्टीच म्हणत राहिले. आपल्याकडे निळू फुल्यांना बायका तोंडावर शिव्या देत असं सांगतात, त्यातलाच हा सभ्य प्रकार.

वॉट आर्सेनल या क्लबाचा पाठीराखा. क्लबचं मैदान हायबरी, १९१३ पासूनचं, आणि त्याच्या उत्तरेकडे नॉर्थ बँक नावाच्या पायऱ्या. तिथे खुर्च्या नव्हत्या, हजारो माणसं खेटून उभी राहात. एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर अशाच उभ्या गर्दीत चेंगरून माणसं मेली. मृतांचा आकडा आता ९७ धरतात. त्यानंतरच्या टेलर अहवालाने ठरवलं की वरच्या दर्जाच्या मैदानांवर यापुढे सगळ्यांनी बसूनच खेळ पाहायचा. २ मे १९९२ ला नॉर्थ बँकवरचा शेवटचा सामना झाला. साउदॅम्प्टनला ५-१ असं हरवलं, इयन राइटने तीन गोल केले आणि मग पायऱ्या पाडल्या. नवं बांधकाम चालू असताना उघडंबोडकं दिसू नये म्हणून क्लबने गोलच्या मागे एक अवाढव्य चित्र लावलं. चित्रात गर्दी, हजारो रंगवलेले चेहरे. लोकांनी नीट पाहिलं तर त्यात एकही काळा चेहरा नव्हता. ज्या इयन राइटने शेवटच्या सामन्यात तीन गोल केले तो स्वतः काळा. बोभाटा झाल्यावर चेहरे पुन्हा रंगवले.

वॉटचं ‘द एंड’ हे पुस्तक १९९३ चं, त्या पायऱ्यांवरच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्याबद्दल. त्याने स्वतःच्या आठवणी लिहिल्या असत्या तरी त्या खपल्या असत्या. आदल्याच वर्षी निक हॉर्नबीने आर्सेनलच्या वेडावर स्वतःची कहाणी लिहून गाजवली होती, आणि वॉटकडे तर टीव्हीवरचा चेहराही होता. पण वॉट बोलला नाही, त्याने बोलवलं. म्हातारे, त्यांची पोरं, पायऱ्यांवर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं, प्रत्येकाचं बोलणं त्याच्या त्याच्या ढंगात. क्लबने भिंतीवर रंगवलेली गर्दी एका बाजूला आणि वॉटने कागदावर बोलती केलेली गर्दी दुसऱ्या बाजूला, अशी ही दोन चित्रं जवळपास एकाच काळातली आहेत. कुठलं खरं हे सांगायला समीक्षक लागत नाही.

बोललेलं लिहून काढणं सोपं वाटतं. ज्यांनी ध्वनिफितीवरून मुलाखत उतरवली आहे त्यांना विचारावं. माणसाचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं तर कागदावर ते मरतं. दुरुस्त केलं तर ते त्याचं राहात नाही. मधली जागा कानाने शोधावी लागते, आणि कान हे नटाचं हत्यार. दुसऱ्याची लकब पकडायची पण नक्कल करायची नाही. अण्णा रात्रीच्या नाटकात हेच करत आणि दुपारी फडावरही.

वॉटची पुढची परीक्षा अवघड होती. बीबीसीच्या रेडिओवर तो फुटबॉलविषयी बोलत होता, लिहीत होता, आणि २००३ मध्ये डेव्हिड बेकहॅमचं ‘माय साइड’ हे आत्मचरित्र त्याने शब्दबद्ध केलं. त्याच वर्षी बेकहॅम मँचेस्टर युनायटेड सोडून रेआल माद्रिदला गेला, त्यामुळे साऱ्या जगाचे डोळे त्या पुस्तकाकडे. १५ फेब्रुवारी २००३ ला युनायटेड स्वतःच्या मैदानावर एफए कपचा सामना २-० असा हरलं. कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षक फर्ग्युसन संतापून काही बोलत असताना त्यांनी लाथाडलेला बूट उडाला आणि बेकहॅमच्या भुवईवर लागला. त्या जखमेचा फोटो जगभर गेला. युनायटेडला त्या दिवशी हरवलं कुणी? आर्सेनलने. म्हणजे ज्या संध्याकाळी वॉटच्या गल्लीत जल्लोष झाला असेल, त्याच संध्याकाळचा अपमान ‘मी’ या प्रथमपुरुषी सर्वनामात, दुसऱ्याच्या कपाळावरच्या टाक्यांसकट, वॉटला लिहायचा होता. लॉफ्टीची भूमिका यापुढे काहीच नाही.

ते त्याला जमलं का? माझ्या मते अर्धं. पराभवाचे आणि अपमानाचे प्रसंग, १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं तो आणि त्यानंतर स्वदेशात झालेला छळ, हे वाचताना माणूस दिसतो. लहानपणी बापाबरोबर बागेत फ्री किक मारण्याचा सराव चालला आहे, तिथेही दिसतो. पण बेकहॅम हा तोवर माणसाबरोबरच एक दुकानही झाला होता, आणि दुकानाच्या पानांवर वॉटचा आवाज गुळगुळीत होतो. नॉर्थ बँकवरच्या अनाम म्हाताऱ्याला गमावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो मोकळा बोलला. उसना आवाज द्यायचा तर समोरच्याकडे सांगण्याची निकड हवी. ती नसेल तर कसलेला नटही फक्त सुबक बोलतो.

इथून मराठीकडे येतो, कारण हे सगळं मी ज्यासाठी मांडलं ते इथेच आहे.

मराठी नट लिहीत नाही असं नाही. श्रीराम लागूंचं ‘लमाण’ आहे. सूर्यकांतांचं ‘धाकटी पाती’ आहे, आणि सूर्यकांत तर कोल्हापूरचे, तालमीत कमावलेल्या शरीराचे. पण नटाने लेखणी घेतली की तो स्वतःकडे वळतो. आपली नाटकं, आपले दिग्दर्शक, आपले दौरे. ते हवंच, त्याशिवाय रंगभूमीचा इतिहास कसा कळणार. मात्र दुसऱ्याच्या खेळासमोर बसून, स्वतःला बाजूला ठेवून लिहिणारा नट मराठीत रुजला नाही. खेळावर लिहिणारे वेगळे. बाळ ज. पंडित रणजी खेळलेले. त्यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणलं आणि मराठी शब्दांत चेंडू कसा वळवायचा ते दाखवलं. वि. वि. करमरकरांनी दैनिकात खेळाला हक्काची जागा मिळवून दिली. शिरीष कणेकरांची वाट नटाच्या सगळ्यांत जवळून गेली. सिनेमा आणि क्रिकेट या दोन वेडांवर त्यांनी लिहिलं, आणि ‘माझी फिल्लमबाजी’सारखे एकपात्री प्रयोग करून ते लेखकाचे नटही झाले. पण कणेकर कुठेही गेले तरी कणेकरच असत. आपण त्यांच्याकडे जातो ते त्यांना भेटायला. त्यांच्या लेखातला खेळाडू त्यांच्या विनोदाच्या प्रकाशात दिसतो, स्वतःच्या नव्हे. हा दोष म्हणून सांगत नाही, जात वेगळी आहे एवढंच. कणेकरांना शब्दांकन करायला सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्यालाच हसवून परत पाठवलं असतं.

शब्दांकन या शब्दाचाच आपल्याकडे मान कमी आहे. मुखपृष्ठावर तो बारीक टाइपात असतो, कधी आतल्या पानावर ढकललेला. लेखक तो ज्याला स्वतःचं सांगायचं आहे, दुसऱ्याचं सांगतो तो लेखनिक, अशी आपली समजूत. ज्या भाषेत कीर्तनकाराने शेकडो वर्षं दुसऱ्याचे अभंग आपल्या गळ्यातून पोचवले तिथे ही समजूत कुठून आली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मी कॉलेजला कोल्हापुरात होतो. पेठ नाक्यावर एसटी बदलून जायचं, खोलीवर राहायचं. पहिल्याच वर्षी खोलीवरच्या मित्राने मला शाहू स्टेडियमवर नेलं. कुस्तीच्या गावात फुटबॉल काय बघायचा, अशा आढ्यतेत मी गेलो होतो. तिथे कळलं की ज्या तालमी मला खासबागच्या हौद्यामुळे माहीत होत्या त्याच इथे बूट घालून उतरल्या आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. संघाच्या नावात तालीम असलेलं फुटबॉल दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ अशी चुरस, एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना, आणि पायऱ्यांवरची भाषा अशी की ती या अंकात छापता येणार नाही. शिवी आणि जिव्हाळा यांच्यातलं अंतर किती कमी आहे ते मला त्या पायऱ्यांवर समजलं. या शहरातून पुढे अनिकेत जाधवसारखा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण मी बोलतो आहे ते खेळणाऱ्यांबद्दल नाही, बघणाऱ्यांबद्दल.

आणि हेच शहर सिनेमाचंही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ साली ‘प्रभात’चा जन्म इथला, जयप्रभा स्टुडिओ इथला. ज्या पेठेत फुटबॉलचे संघ, त्याच पेठेत नट, मेकअपवाले, जमावात उभे राहणारे एक्स्ट्रा. म्हणजे कानही होता आणि पायऱ्याही होत्या. तरी नॉर्थ बँकसारखं पुस्तक कोल्हापूरच्या पायऱ्यांवर माझ्या कपाटात नाही. माझ्याकडे आहेत ती वर्तमानपत्रांची कात्रणं. कोण किती गोलांनी जिंकलं, कुणाला पिवळं कार्ड मिळालं, पेठेत मिरवणूक निघाली. मिरवणुकीत कोण काय बोललं हे त्यात नाही. हरलेल्या पेठेत त्या रात्री काय झालं हेही नाही. लंडनचं मैदान पाडायच्या वेळी एक नट ध्वनिमुद्रक घेऊन धावला. आपली मैदानं कुणी पाडलेली नाहीत, म्हणून आपल्याला घाई नाही. पण मैदान शाबूत असूनही माणसं जातात. मला त्या दिवशी स्टेडियमवर नेणारा मित्र गेला. त्याच्याकडे तीस वर्षांचे सामने तोंडपाठ होते आणि मी, ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहायला सवड मिळाली, एकदाही त्याच्यासमोर ध्वनिमुद्रक ठेवून बसलो नाही.

फडावरच्या निवेदकांचीही तीच गत. आज शंकर पुजारींसारख्या निवेदकाचं नाव पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर पैलवानाइतकंच घेतलं जातं, हे चांगलं झालं. मोबाइलवर मुद्रणंही होतात. पण ते बोलणं साहित्य म्हणून वाचणारा, त्यातली वाक्यं कशी बांधलेली आहेत, कुठे थांबतात, पैलवानाचं कूळ सांगताना पोवाड्याकडून काय घेतात आणि रेडिओकडून काय, हे पाहणारा अभ्यासक मला दिसत नाही. विद्यापीठात पोवाड्यावर प्रबंध होतो. लाउडस्पीकरवरच्या गद्यावर होत नाही.

अण्णांची एक कॅसेट माझ्याकडे आहे. जत्रेत कुणीतरी टेपरेकॉर्डर लावला होता, त्याची तिसरी-चौथी नक्कल. ती मी हा लेख लिहिण्याआधी पुन्हा ऐकली. एका बाजूला पाऊण तास जवळजवळ नुसती हलगी आहे, मध्ये कुणीतरी हरवलेल्या पोराबद्दल पुकारा करायला सांगतं आणि अण्णा तो करतात. पोराच्या सदऱ्याचा रंगसुद्धा सांगतात. मग एक कुस्ती सुरू होते. कुणाची ते कळत नाही, कारण नावं सांगितली तो भाग पुसला गेला आहे. पट, सुटला, पुन्हा धरला, मग मोठा आवाज, शिट्ट्या, जिंकलेल्याच्या नावाचा गजर, तोही फाटलेला. आणि त्या सगळ्याच्या खाली, माईकच्या अगदी जवळून, अण्णा दुसरं नाव घेतात. नाव ऐकू येत नाही. गाव ऐकू येतं, रेठरे, आणि पाठोपाठ, टाळ्या वाजवा की जरा.